महालातला वाडा, मे महिना आणि 85,000 रुपये : लघुपट करताना माणसे सुरक्षित कशी ठेवावीत?

कौलारू (धागाकर्ती)

सर्वांना नमस्कार. आम्ही नागपुरातील सात मित्रमैत्रिणी मिळून 22 मिनिटांचा एक लघुपट करीत आहोत. वर्गणी काढून आणि घरच्यांकडून उसने घेऊन 85,000 रुपये जमले आहेत आणि त्यांपैकी 34,000 रुपये कॅमेरा, लेन्स व ध्वनिमुद्रणाच्या सामानाच्या भाड्यातच जातील. नागपूरच्या महाल भागातील एका जुन्या वाड्यात राहणारे आजोबा, त्यांचा 19 वर्षांचा नातू आणि 9 वर्षांची नात यांची ही कथा आहे. आजोबांची भूमिका माझ्या मैत्रिणीचे 71 वर्षांचे मोठे काका करणार आहेत, तर नातीची भूमिका शेजारची मुलगी करणार आहे.

परीक्षा आटोपल्याखेरीज कोणालाच वेळ नसल्यामुळे चित्रीकरण मे महिन्याच्या मध्यावर सलग सहा दिवस ठेवले आहे. चार प्रसंगांची मला मनापासून काळजी वाटते. पहिला वाड्याच्या माजघरातील आहे. तिथे दुपारच्या उन्हाचा आभास हवा म्हणून बिछायत केंद्रातून (मंडपाचे सामान भाड्याने देणाऱ्यांकडून) 1000 वॅटचे दोन हॅलोजन आणायचे ठरले आहे. दुसऱ्या प्रसंगात नातू रात्री मोटारसायकलवरून घर सोडून जातो, तिसऱ्यात तो शहराबाहेरच्या पाण्याने भरलेल्या खदानीत उडी मारतो आणि चौथ्यात नात रेल्वेच्या रुळांवरून चालत घरी परतते. आमच्यापैकी कोणीही याआधी एवढे मोठे काम केलेले नाही. पैसे कमी आहेत हे खरे आहे, परंतु आमच्या हौसेपायी कोणाला इजा व्हावी असे कोणालाच वाटत नाही. अनुभवी मंडळींनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

तिसरी_घंटा

नमस्कार. मी 18 वर्षे प्रकाशयोजनेचे काम करीत आहे. सुरुवात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातील गावोगावच्या, नाटकांत वायरी ओढण्यापासून झाली आणि आता नागपुरात लघुपट, माहितीपट आणि लग्नाची कामे करतो. तुमचा प्रश्न वाचून बरे वाटले, कारण बहुतेक मंडळी हा प्रश्न काहीतरी घडून गेल्यावर विचारतात.

सामानाकडे वळण्याआधी एक गोष्ट करावी, जिला एक रुपयाही लागत नाही. तुमच्यापैकी जो दिग्दर्शक नाही, कॅमेऱ्यावर नाही आणि ज्याचे पैसे सर्वांत जास्त अडकलेले नाहीत, अशा एकाला पहिल्या दिवशी सकाळी सर्वांसमोर ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा. तो ‘थांबा’ म्हणाला की शॉट कितीही छान रंगात आलेला असो, काम थांबेल आणि त्यावर जागेवर वाद होणार नाही, हे दिग्दर्शकाने स्वतःच्या तोंडाने सांगावे. मोठ्या चित्रीकरणात हे काम पहिला सहायक दिग्दर्शक पाहतो; लहान चित्रीकरणात ते कोणाचेच नसते. कॅमेऱ्याला डोळा लावलेल्या माणसाला चौकटीबाहेरची विहीर दिसत नाही, आणि दिग्दर्शकाचे लक्ष नटाच्या चेहऱ्यावर असते, जे योग्यच आहे. म्हणून चौकटीबाहेर पाहणारा एक माणूस लागतो आणि त्या वेळी त्याच्या हातात दुसरे कोणतेही काम असता कामा नये. पैसा कमी असलेल्या चित्रीकरणात माणसे जखमी होतात ती महागडे उपकरण नसल्यामुळे क्वचितच. एकच माणूस तीन कामे करीत असतो आणि सूर्य मावळायला दहा मिनिटे उरलेली असतात, तेव्हा होतात.

आता विजेविषयी. आपल्या घरात 230 व्होल्टचा पुरवठा असतो. वॅटला 230 ने भागले की अँपिअर मिळतात. 1000 वॅटचे दोन हॅलोजन म्हणजे 2000 वॅट, म्हणजे जवळपास 8.7 अँपिअर. भिंतीवरचा साधा लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो, त्यामुळे दोन्ही दिवे त्याच्यावर लावणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे आहे. फ्रीज किंवा गीझरसाठीचा 16 अँपिअरचा मोठा सॉकेट हा भार घेऊ शकतो, परंतु महालातील जुन्या वाड्यांत मागची वायर कोणत्या काळातील आहे, ती किती जाडीची आहे आणि अर्थिंग जमिनीपर्यंत पोहोचले आहे की नाही, हे सॉकेटकडे पाहून कळत नाही. कित्येक ठिकाणी तिसरे भोक असते आणि त्याच्या मागे वायरच नसते. चित्रीकरणाच्या चार दिवस आधी परवानाधारक वायरमनला वाड्यात नेऊन दाखवा. त्याला द्याल ती मजुरी हा तुमच्या 85,000 रुपयांतील सर्वांत चांगला खर्च ठरेल. वाड्याच्या वीजजोडणीची मंजूर क्षमता अपुरी निघाली तरी खांबावर आकडा टाकण्याचा विचारही करू नका. कोणी ओळखीचा माणूस ‘दोन तासांचे तर काम आहे’ असे म्हणाला, तरीही नाही.

माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी इतवारीतील एका घरात मी हॅलोजनसाठी 30 मीटरची केबल वापरली. दिवा जवळच होता, म्हणून पाच मीटर केबल सोडली आणि उरलेली रिळावर गुंडाळलेली तशीच ठेवली. तासाभराने जळक्या रबराचा वास येऊ लागला. बाहेरचा वेढा हाताला नुसता कोमट लागत होता, म्हणून मी तो वास दिव्यावरच्या धुळीचा समजलो. रीळ उलगडले तेव्हा आतले वेढे लाल मेणासारखे एकमेकांत वितळून एकजीव झालेले होते, आणि ते रीळ एका गादीला टेकून ठेवलेले होते. गुंडाळलेल्या केबलमधील उष्णता बाहेर पडू शकत नाही. त्यामुळे गरज दोन मीटरची असली तरी केबल पूर्ण उलगडून सैल नागमोडी पसरावी. त्या दिवसापासून मी दर अर्ध्या तासाने केबल, पिन आणि बोर्ड यांना हाताच्या मागच्या बाजूने स्पर्श करून पाहतो.

हॅलोजनऐवजी एलईडी दिवे घेता आले तर घ्याच. चार एलईडी मिळून 500 वॅटच्या आत बसतात, म्हणजे सव्वादोन अँपिअरच्या आसपास, आणि खोलीही तापत नाही. झाडीपट्टीचा हंगाम मे महिन्यात संपलेला असतो, त्यामुळे त्या नाटकांना प्रकाशयोजना पुरवणाऱ्या मंडळींकडे विचारून पाहा. त्यांचे सामान तेव्हा रिकामे असते आणि माणसेही कामात पक्की असतात. हॅलोजन वापरावेच लागले तर त्याच्यासमोर थर्मोकोल किंवा नायलॉनची चादर जवळ धरू नका. सुती, धुतलेली पांढरी चादर निदान तीन-चार फूट अंतरावर ताणा आणि तिच्याजवळ माणूस उभा ठेवा. तापलेल्या हॅलोजनच्या नळीवर पाण्याचा थेंब पडला तरी ती फुटते, म्हणून समोरची जाळी काढू नका.

पांढऱ्या दिव्यांचा उजेड चित्रात थरथरू नये म्हणून कॅमेऱ्याचे शटर 1/50 सेकंदावर ठेवा, कारण आपली वीज 50 हर्ट्झची आहे. याचा सुरक्षिततेशी संबंध नाही, परंतु पहिल्याच दिवसाचे काम वाया जाण्यापासून वाचेल.

कानोसा

मी ध्वनिमुद्रण करते, म्हणून वरील मुद्द्याला जोडूनच लिहिते. नागपुरात मे महिन्यात घराच्या आत चित्रीकरण करायचे म्हणजे पहिला सामना कूलरशी असतो. कूलर चालू असेल तर संवाद मिळत नाहीत आणि बंद केला तर दहा मिनिटांत माणसे घामाने निथळू लागतात. मग होते असे की प्रत्येक शॉटच्या आधी कोणीतरी धावत जाऊन कूलर बंद करतो, शॉटनंतर चालू करतो, मध्येच टाकीत पाणी ओततो, आणि हे सर्व ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी आणि अनवाणी. विदर्भात लोखंडी कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे दगावतात, ही बातमी आपण सर्वांनी वाचलेली आहे. घरात एरवी दिवसातून दोनदा होणारी ही क्रिया चित्रीकरणात चाळीस वेळा होते.

त्यामुळे कूलरचे काम एकाच माणसाकडे सोपवा. त्याच्या पायात रबरी तळाच्या कोरड्या चपला असाव्यात, कूलरचे बटण कूलरवरचे न वापरता भिंतीवरचे वापरावे, आणि पाणी भरताना पिन सॉकेटमधून पूर्ण काढून हातात धरावी. वाड्यात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) नसेल तर तुमच्या वायरमनकडून ती बसवलेला एक फिरता बोर्ड तयार करून घ्या आणि कूलर तसेच सर्व दिवे त्याच्याच मार्गाने जोडा. एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की पडणारी कळ, वायर वाचवते. माणूस वाचतो तो आरसीसीबीमुळे. तिच्यावरचे चाचणीचे बटण रोज सकाळी दाबून पाहावे.

ध्वनीच्या दृष्टीने माझा सल्ला असा आहे की माजघराचे सर्व संवाद पहाटे साडेपाच ते साडेनऊ या वेळात घ्यावेत. जुन्या वाड्याच्या जाड भिंती रात्रभर निवतात आणि सकाळी कूलरविना काम करता येते. रस्त्यावरची वर्दळही तोपर्यंत सुरू झालेली नसते. खिडक्यांना आतून गोधड्या आणि सतरंज्या लावा. विकतच्या ध्वनिरोधक फोमपेक्षा आजीची जाड वाकळ आवाज चांगला शोषते. फ्रीज बंद करताना गाडीची किल्ली त्याच्या आत ठेवावी, म्हणजे फ्रीज पुन्हा चालू केल्याशिवाय कोणी घरी जाऊ शकत नाही. प्रत्येक खोलीत सर्वांनी स्तब्ध उभे राहून 30 सेकंदांची शांतता मुद्रित करावी. संकलनात तिचा किती उपयोग होतो, हे ती नसली की कळते.

परिचारिका_विदर्भ

मी अतिदक्षता विभागात काम करते. मे महिन्यात 44-45 अंश तापमान आपल्याकडे नवलाचे नाही आणि तुमच्या गटात 71 वर्षांचे गृहस्थ व 9 वर्षांची मुलगी आहे, म्हणून हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

काकांना रक्तदाबाची औषधे सुरू आहेत का, हे आधी विचारा. त्यांतील काही औषधे लघवीचे प्रमाण वाढवणारी असतात आणि उन्हाळ्यात शरीरातील पाणी झपाट्याने कमी करतात. औषधे मनाने बंद करू नका. त्यांच्या डॉक्टरांना चित्रीकरणाचे वेळापत्रक दाखवून विचारा. सकाळी 11 ते सायंकाळी 5 या वेळात उघड्यावर कोणतेही काम ठेवू नका. तशीही त्या वेळची सरळ डोक्यावरून पडणारी उन्हे चेहऱ्यावर चांगली दिसत नाहीत, असे माझा भाऊ सांगतो, आणि तो छायाचित्रकार आहे. डोक्याला ओला दुपट्टा, पन्हे, ताक, आणि एक लिटर पाण्यात एक पाकीट याच प्रमाणात ओआरएस. तहान लागण्याची वाट न पाहता दर 20 मिनिटांनी पाणी द्यायचे, आणि ते देण्याचेही काम एका माणसाकडे असावे. लघवी गडद पिवळी होत असेल तर पाणी कमी पडत आहे, हे सर्वांना संकोच न बाळगता सांगा. मुली चित्रीकरणात स्वच्छतागृह नसल्यामुळे पाणीच पीत नाहीत, हे मी माझ्या रुग्णांकडून ऐकलेले आहे. म्हणून लोकेशन ठरवतानाच स्वच्छतागृह पाहावे.

चक्कर, डोकेदुखी, पोटऱ्यांत गोळे आणि मळमळ ही पहिली लक्षणे आहेत. त्या माणसाला लगेच सावलीत नेऊन झोपवा आणि पाय उंच ठेवा. मात्र बोलणे असंबद्ध झाले, माणूस गोंधळला, विनाकारण चिडला किंवा त्याला ग्लानी आली, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबलेला असेलच असे नाही, त्यामुळे घाम येत आहे म्हणून निश्चिंत राहू नका. अशा वेळी 108 क्रमांकावर फोन लावावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये: कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता, जोराचा वारा घाला, मान, काखा आणि जांघा येथे बर्फाच्या पिशव्या लावा. शुद्ध नीट नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जाते. शरीर जितक्या लवकर थंड होईल तितका मेंदू वाचतो. थर्मोकोलच्या पेटीत दहा किलो बर्फ रोज ठेवा. काहीच झाले नाही तर सायंकाळी सर्वांना सरबत प्यायला मिळेल.

एकटेक

सर्वांचे मुद्दे रास्त आहेत, परंतु एक वेगळी बाजू मांडतो. मी आजवर सहा लघुपट केले आणि प्रत्येक ठिकाणी परवानगीची वाट पाहिली असती तर त्यांतील एकही पूर्ण झाला नसता. सीताबर्डीच्या बाजारात, फुटाळ्याच्या काठावर, बसमध्ये आम्ही लहान कॅमेरा घेऊन गेलो, पंधरा मिनिटांत शॉट घेतला आणि निघालो. रुळांचा प्रसंगही पहाटे दोन माणसांनी जाऊन उरकता येईल. सर्वच गोष्टींना घाबरायचे ठरवले तर नवीन मुलांनी सिनेमा करायचाच नाही का, असा प्रश्न मला पडतो आणि तो मी प्रामाणिकपणे विचारत आहे.

तिसरी_घंटा

एकटेक भाऊ, तुमचा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याचे अर्धे उत्तर माझ्याकडेही तेच आहे. बाजारात न विचारता शॉट घेतला तर फार तर कोणी हटकेल, चिप रिकामी करायला लावेल, दंड होईल. ते नुकसान पैशाचे आणि मानाचे आहे. रुळांवर उभे राहणे ही निराळी गोष्ट आहे, आणि दोन्हींना एकाच नावाने ‘गनिमी काव्याचे चित्रीकरण’ म्हटले जाते, हीच माझी अडचण आहे. ज्या जोखमीत केवळ शॉट जाईल ती घ्यायची की नाही हे तुमचे तुम्ही ठरवा. ज्या जोखमीत माणूस जाईल ती घेण्याचा अधिकार कोणत्याही दिग्दर्शकाला नाही.

2014 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एका चित्रपटाचा चमू परवानगी नसताना रेल्वेच्या पुलावर चित्रीकरण करीत होता. रुळांवर लोखंडी पलंग ठेवलेला होता. गाडी आली, पलंग बाजूला काढता आला नाही आणि पुलावरून वेळेत बाहेर पडता आले नाही. 27 वर्षांची कॅमेरा सहायक मरण पावली आणि इतर अनेकजण जखमी झाले. दिग्दर्शकाला तुरुंगात जावे लागले. ते सर्व व्यावसायिक होते आणि काम करणारे अनेकजण अनुभवी होते.

आता नागपूरचे पाहा. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग इथे छेदतात, त्यामुळे दोन गाड्यांमधील अवकाश आपल्याला वाटतो तेवढा नसतो आणि मालगाड्या कोणत्याही वेळापत्रकात दिसत नाहीत. ताशी 100 किलोमीटरने येणारी गाडी एका सेकंदात जवळपास 28 मीटर अंतर कापते. विजेच्या इंजिनाचा आवाज समोरून फार उशिरा ऐकू येतो, आणि हेडफोन लावलेल्या ध्वनिमुद्रकाला तर येतच नाही. वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि शॉक लागायला तिला शिवावे लागत नाही, नुसते जवळ जाणे पुरते. ॲल्युमिनियमचा बूम (माइक लावलेली लांब काठी) उंच धरलेला मुलगा त्या तारेखाली उभा आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 नुसार विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणे हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. परंतु मी कायद्यासाठी हे लिहीत नाही. 9 वर्षांच्या मुलीला रुळांवरून चालवायचे आहे, म्हणून लिहितो.

कौलारू ताई, तुम्हाला या प्रसंगात नेमके काय हवे आहे, ते एकदा कागदावर लिहून पाहा. मुलगी एकटी आहे, घर दूर आहे आणि भाऊ गेला त्याच वाटेने ती परत येते आहे, एवढेच हवे असेल तर त्यासाठी चालू रेल्वेमार्ग लागत नाही. मोतीबागेत दक्षिण पूर्व मध्य रेल्वेचे नॅरोगेज संग्रहालय आहे, तिथे जुनी इंजिने व डबे आहेत. लेखी अर्ज करून तिथल्या दोन शॉटची परवानगी मागा. बाकीचा प्रसंग शेताच्या पाऊलवाटेवर घ्या आणि गाडीचा आवाज नंतर जोडा. चेहऱ्यावरून सरकत जाणारा उजेड हवा असेल तर एका लांब पट्टीवर एलईडी लावून, समोर पुठ्ठ्याच्या खिडक्या कापून तो हाताने चेहऱ्यासमोरून नेला की डब्यांच्या खिडक्यांचा भास होतो. हे मी दोनदा केले आहे आणि प्रेक्षकांपैकी कोणाला शंका आली नाही.

खदानीचा प्रसंग मात्र आहे तसा करू नका. तलावाला काठ असतो, उतार असतो. खदानीचा तळ पहिल्याच पावलाला नाहीसा होतो. पाण्याखाली तोडलेल्या दगडांच्या धारा असतात, वरचे पाणी उन्हाने कोमट आणि खाली एकदम गार असते, आणि भिंती उभ्या व शेवाळलेल्या असल्यामुळे पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये बंगळुरूजवळच्या थिप्पगोंडनहळ्ळी जलाशयात एका चित्रपटासाठी हेलिकॉप्टरमधून उडी मारलेले दोन कलाकार सर्वांच्या डोळ्यांदेखत बुडाले. त्यांच्या अंगावर जीवनरक्षक जाकिटे नव्हती. तुम्ही खदानीचा दूरचा शॉट माणसाविना घ्या, नातू काठापासून दहा फूट आत उभा असलेला शॉट लांब लेन्सने घ्या म्हणजे तो अगदी कडेवर असल्यासारखा दिसेल, आणि पाण्यातील जवळचे शॉट एखाद्या जलतरण तलावात कमरेइतक्या पाण्यात, मागे काळे कापड लावून, रात्री घ्या. तिथेही पाण्यावर नजर ठेवणारा जीवरक्षक, हवा भरलेली ट्यूब आणि तिला बांधलेला दोर हवा. कोणी गटांगळ्या खाऊ लागला तर त्याच्यामागे उडी न मारता ट्यूब फेकावी. तलावाजवळ 230 व्होल्टची एकही वायर न्यायची नाही, फक्त बॅटरीवरचे दिवे.

हिशेबवही

मी निर्मितीची कागदपत्रे पाहते, त्यामुळे थोडक्यात तेवढेच सांगते. बालकलाकारांबाबत बालकामगार कायद्यातील 2016 ची दुरुस्ती आणि 2017 चे नियम लागू आहेत. मुलाकडून दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची लेखी संमती लागते, दर पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती ठेवावी लागते, आणि मानधनातील किमान 20 टक्के रक्कम मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी लागते. शेजारची मुलगी आहे म्हणून हे टाळू नका. तिची आई पूर्ण वेळ तिथे बसलेली असावी आणि तिलाही ‘थांबा’ म्हणण्याचा अधिकार द्यावा.

वाड्याच्या मालकांकडून तारखा, खोल्या आणि वेळ लिहिलेले संमतिपत्र घ्या. रस्त्यावर पळापळीचा, भांडणाचा किंवा खोट्या शस्त्राचा प्रसंग असेल तर संबंधित पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा. खेळण्यातले पिस्तूल लांबून खरेच दिसते आणि लहान मुलीला ओढत नेण्याचा अभिनय पाहून जमाव धावून येऊ शकतो. त्यात जमावाचा दोष मानता येणार नाही.

ड्रोनचा उल्लेख तुम्ही केलेला नाही, पण शेवटच्या दिवशी कोणीतरी मित्र तो घेऊन येतो, असा अनुभव आहे. आपले विमानतळ सोनेगावला, शहराला लागूनच आहे आणि विमानतळाच्या हद्दीपासून 12 किलोमीटरपर्यंत ड्रोनवर निरनिराळे निर्बंध आहेत, म्हणजे जवळपास सगळे शहर त्यात येते. ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय तो उडवू नये.

तिसरी_घंटा

मोटारसायकल राहिली होती. मागे उलटे बसून पुढच्या गाडीचे चित्रीकरण करणारा कॅमेरामन आपण सर्वांनी पाहिलेला आहे. एक खड्डा आला की तो दोन्ही हातांनी कॅमेरा धरतो आणि स्वतःला धरायला हात उरत नाही. तसेच, जो नट गाडी चालवतो आहे त्याला त्याच वेळी रडायला सांगू नये.

जवळचे शॉट उभ्या गाडीवर घ्या. वाड्याच्या अंगणात अंधार करून गाडी मधल्या स्टँडवर पक्की उभी करा, इंजिन बंद ठेवा, समोरून पेडेस्टल पंख्याचा वारा सोडा, एकाने मागून सीट हलकेच हलवावी आणि दोघांनी लहान दिवे हातात घेऊन नटाच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे एकामागून एक चालत जावे. पथदिवे मागे पडत आहेत असे दिसते. दिव्यांचा वेग सारखा ठेवू नका, खऱ्या रस्त्यावर तो सारखा नसतो. दूरचा एक शॉट ताशी 20 किलोमीटरच्या वेगाने, एखाद्या ले-आउटच्या (प्लॉट पाडलेल्या नव्या वसाहतीच्या) रिकाम्या रस्त्यावर, दोन्ही टोकांना माणसे उभी करून, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून घ्या, आणि नातवाच्या डोक्यावर हेल्मेट असू द्या. चेहरा दिसत नाही ही तक्रार दिग्दर्शक करेल. त्या शॉटमध्ये चेहरा लागतच नाही.

रात्रीचे काम संपल्यावर घरी जाताना गाडी कोण चालवणार, हे सकाळच्या वेळापत्रकातच लिहा. दिवसभर राबलेला मुलगा रात्री दोन वाजता कामठीला किंवा हिंगण्याला एकटा जायला निघतो, तो प्रसंग कोणत्याही स्टंटपेक्षा धोक्याचा असतो. वाड्यात चार गाद्या टाका आणि सर्वांना सकाळी सोडा.

कौलारू (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल रात्री आम्ही सातही जण एकत्र बसून हा धागा मोठ्याने वाचला आणि पटकथेत बदल केले. खदानीतील उडी काढून टाकली आहे. आता नातू काठावर बसून चपला काढतो, आणि पुढच्या शॉटमध्ये त्याच चपला वाड्याच्या ओसरीवर दिसतात. खरे सांगायचे तर हे आधीच्या उडीपेक्षा मनाला जास्त लागते. रुळांऐवजी पाऊलवाट आणि संग्रहालयासाठी अर्ज. माजघर पहाटे, अंगण सायंकाळी आणि दुपारी सर्वांना झोप, अशी विभागणी केली. त्यामुळे सहा दिवसांचे आठ दिवस झाले आणि कॅमेऱ्याचे भाडे वाढले, म्हणून एक लेन्स कमी केली. हॅलोजन रद्द केले. ‘थांबा’ म्हणण्याचे काम आमच्यातील वेशभूषा पाहणाऱ्या मैत्रिणीकडे दिले आहे, कारण तिला कोणाचीही भीड पडत नाही. तिच्या कामाला दुसरी एक मदतनीस शोधली. काकांच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

एक लहान शंका राहिली. दिव्यांचे स्टँड पडू नयेत म्हणून वाळूच्या पिशव्या लागतात असे वाचले, परंतु त्या भाड्याने घेण्याइतके पैसे आता उरलेले नाहीत. त्यावर काही उपाय आहे का?

तिसरी_घंटा

जुन्या जीन्सचे पाय गुडघ्यापासून कापा, एक तोंड जाड दोऱ्याने दुहेरी शिवा, बांधकामाची कोरडी वाळू सात-आठ किलो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आत भरा आणि मग दुसरे तोंड शिवा, नाहीतर वाळू आठ दिवस कॅमेऱ्यावर झिरपत राहील. दोन पाय मध्ये पट्टीने जोडले की खोगिरासारखी पिशवी होते. स्टँडचा जो पाय दिव्याच्या रोखाने पुढे आहे त्याच्यावरच ती टाका आणि ती जमिनीला टेकलेली न राहता पायावर लटकलेली राहील असे पाहा, म्हणजे तिचा पूर्ण भार स्टँडवर येतो. बारा पिशव्या पुरतील.

रविवारी सकाळी मला वेळ आहे, वाड्याच्या रेकीला (जागेच्या पाहणीला) मीही येतो. टेस्टर आणि मल्टिमीटर माझ्याकडचे आणेन. मालकांना मीटरच्या पेटीची किल्ली शोधून ठेवायला सांगा आणि तुमचा वायरमन त्याच वेळी येईल असे पाहा, म्हणजे अर्थिंग आम्ही दोघे मिळून तपासू.